लेखणीने फेडलेले कर्ज : सर वॉल्टर स्कॉट



स्मरणिकेसाठी लेख पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील हे मी गृहीत धरले. घंटा, पटांगण, छड्या आणि स्नेहसंमेलन यांवर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे आपल्यात आहेत. मी एका निराळ्याच माजी विद्यार्थ्याविषयी लिहितो. तो आपल्या शाळेचा नाही, आपल्या देशाचाही नाही, आणि त्याला जाऊन एकशे नव्वदहून अधिक वर्षे झाली. पण आपल्यापैकी अनेकांनी वाचनालयाच्या तासाला ‘आयव्हॅन्हो’ची संक्षिप्त आवृत्ती हातात धरली असेल. मुखपृष्ठावरचा चिलखत घातलेला घोडेस्वार आठवतो ना? त्या पुस्तकाचा लेखक सर वॉल्टर स्कॉट.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीचशी वर्षे कर्ज विभागात काढली. त्यामुळे स्कॉटच्या कादंबऱ्या मला शाळेत आवडल्या असल्या, तरी त्याचा जमाखर्च मला नोकरीत आल्यावर अधिक कळला. त्याच्या चरित्रात एका बाकावर बसणारे दोन मित्र आहेत, त्यांची भागीदारी आहे, हुंड्या आहेत, दिवाळे आहे आणि वसुलीही आहे. मेळाव्याच्या अंकात ही गोष्ट अस्थानी ठरणार नाही, असे मला वाटते.

वॉल्टर स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात झाला. वडील वकिली व्यवसायातले, हिशेबी आणि धर्मनिष्ठ. आई वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकाची मुलगी. मूल दीड वर्षाचे असताना ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. आज आपण त्याला पॉलिओ म्हणतो. उपाय हरतऱ्हेचे झाले. नुकत्याच मारलेल्या मेंढीच्या ओल्या कातड्यात त्याला गुंडाळून ठेवण्याचाही प्रयोग झाला. शेवटी मोकळी हवा मिळावी म्हणून त्याला इंग्लंडच्या सरहद्दीजवळ सँडीनो येथे आजोबांच्या शेतावर पाठवले. पाय पुरता बरा झाला नाही आणि जन्मभर तो लंगडतच चालला. पण त्या शेतावर त्याला दुसरे धन मिळाले. जेनी आत्या त्याला वाचून दाखवी, जुने पोवाडे पाठ करून घेई. म्हातारी माणसे सरहद्दीवरच्या लुटींच्या, पळवलेल्या गुरांच्या, फसलेल्या बंडांच्या गोष्टी सांगत. शेजारच्या खडकावर स्मेलहोमचा पडका बुरूज उभा होता. गोष्ट ऐकायची आणि ती जिथे घडली ती जागा समोर पाहायची, ही सवय त्याला तिथे लागली. सिंहगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाला तानाजीची गोष्ट जशी लागते, तशी ती त्याला लागली.

१७७९ मध्ये त्याला एडिंबराच्या हायस्कुलात घातले. वर्गात त्याचा क्रमांक आज वर, तर उद्या तळाला. पाठांतरात तो मागे, पण अर्थ सांगायचा झाला की पुढे. मधल्या सुट्टीत इतर मुले दंगामस्ती करत. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, की सगळी मुले शेकोटीपाशी या लंगड्या मुलाभोवती गोळा होत, कारण गोष्ट सांगावी तर त्यानेच. मुख्याध्यापक डॉ. अलेक्झांडर ॲडम हे लॅटिनचे मोठे पंडित. व्याकरणात चुकणाऱ्या या मुलाला कवितेचा आशय इतरांपेक्षा चांगला समजतो, हे त्यांनी ओळखले आणि होरेस व व्हर्जिल यांच्या कवितांची पद्य भाषांतरे करायला लावली. गुणपत्रिकेपलीकडचे पाहणारे असे एखादे सर किंवा बाई आपल्यालाही भेटल्या. ज्यांना भेटल्या त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

त्या शाळेतली एक गोष्ट स्कॉट उतारवयातही सांगत असे. वर्गातला एक मुलगा नेहमी त्याच्या वर असे. काही केल्या त्याचा क्रमांक हलेना. स्कॉटच्या लक्षात आले की प्रश्न विचारला की तो मुलगा जाकिटाच्या खालच्या एका बटणाशी चाळा करतो. स्कॉटने एकदा गुपचूप ते बटण कापून टाकले. पुढच्या प्रश्नाला मुलाची बोटे सवयीने बटण शोधू लागली. ते सापडेना, तो गोंधळला आणि उत्तर चुकले. स्कॉट त्याच्या जागी गेला आणि ती जागा त्या मुलाला परत मिळाली नाही. पुढे तो एडिंबराच्या न्यायालयात किरकोळ नोकरीला लागला, व्यसनात गेला आणि लवकर वारला. त्याला पाहिले की स्कॉटचे मन खाई. भरपाई करायची असे तो मनाशी ठरवी, पण ओळखही नव्याने काढली नाही. बटणाएवढे देणे, तेही फेडायचे राहून गेले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे फार मोठ्या देण्याची कथा यायची आहे.

१७८३ मध्ये प्रकृतीसाठी तो काही महिने केल्सो या गावी आत्याकडे राहिला आणि तिथल्या शाळेत जाऊ लागला. तिथे त्याच्या शेजारी बसे जेम्स बॅलंटाइन, गावातल्या दुकानदाराचा मुलगा. धडा संपला की स्कॉट त्याला सरकून बसायला सांगे आणि हलक्या आवाजात गोष्ट सुरू करी. सुट्टीत दोघे ट्वीड नदीच्या काठाने हिंडत आणि गोष्ट पुढे चाले. याच गावातल्या बागेत एका झाडाखाली बसून त्याने जुन्या पोवाड्यांचा एक संग्रह वाचला आणि त्या नादात जेवणाची वेळ विसरला. ज्या वयात भूक अनावर असते त्या वयात जेवण विसरणे, यावरून काय ते समजावे.

पुढे विद्यापीठ झाले, वडिलांच्या कचेरीत उमेदवारी झाली आणि १७९२ मध्ये वकिलीची सनद मिळाली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना एका विद्वानाच्या घरी त्याने कवी रॉबर्ट बर्न्सला पाहिले. भिंतीवरच्या चित्राखाली काही ओळी छापलेल्या होत्या. त्या कोणाच्या, असे बर्न्सने विचारले. जमलेल्या मोठ्या मंडळींत कोणालाच आठवेना. उत्तर ठाऊक होते ते कोपऱ्यातल्या या पोराला.

वकिली बेताचीच चालली. पण सुट्ट्यांमध्ये तो सरहद्दीच्या दऱ्याखोऱ्यांत घोड्यावरून हिंडे आणि धनगर, शेतकरी, म्हाताऱ्या बाया यांच्या तोंडचे पोवाडे उतरवून घेई. १७९९ मध्ये सेल्कर्कशायरच्या शेरीफपदी नेमणूक झाली. पगार वर्षाला ३०० पौंड. हा आकडा लक्षात ठेवा. बॅलंटाइन तोवर केल्सोला छापखाना आणि वर्तमानपत्र चालवत होता. रिकाम्या वेळी खिळे पडून राहण्यापेक्षा माझे काही पोवाडे छापून दे, असे स्कॉटने त्याला सुचवले. पहिल्या पुस्तिकेच्या अवघ्या १२ प्रती निघाल्या. छपाई इतकी देखणी होती की १८०२ मध्ये पोवाड्यांचा मोठा संग्रहही त्यानेच छापला. मग स्कॉटने कर्ज दिले, बॅलंटाइनने छापखाना एडिंबराला हलवला आणि १८०५ मध्ये स्कॉट त्या धंद्यात भागीदार झाला. ही भागीदारी गुप्त होती. न्यायखात्यातल्या माणसाने दुकानदारी करावी, हे त्या समाजात शोभले नसते. १८०६ पासून तो वरिष्ठ न्यायालयात कारकुनीच्या मानाच्या पदावरही होता.

कर्ज विभागातल्या माणसाच्या कपाळावर इथे पहिली आठी पडते. भागीदार कोण आहेत हे बाजाराला ठाऊक नाही, दोघेही बालमित्र असल्याने एकमेकांना हिशेब विचारणे अवघड, आणि घरखर्च व धंद्याचा खर्च एकाच थैलीतून. अशा कागदपत्रांवर सही करताना आम्ही पेन थोडा वेळ हातातच ठेवत असू.

सुरुवातीला मात्र सगळे सोन्याचे होते. स्कॉट तेव्हा कवी म्हणून गाजत होता. १८०८ च्या ‘मार्मिअन’ या काव्यासाठी प्रकाशक आर्चिबाल्ड कॉन्स्टेबलने हस्तलिखित पाहण्याआधीच १००० गिनी मोजल्या. १८१० च्या ‘लेडी ऑफ द लेक’च्या पहिल्या वर्षातच २०,००० हून अधिक प्रती खपल्या आणि काव्यातले सरोवर पाहायला लोकांच्या गाड्या लागल्या. १८१३ मध्ये राजकवीचे पद देऊ केले गेले, ते त्याने नाकारले. पण १८१२ पासून बायरन नावाचा तरुण कवी पुढे आला होता. या मैदानात आता आपला क्रमांक दुसरा, हे स्कॉटने कुरकुर न करता ओळखले.

त्याने काही वर्षांपूर्वी एक गद्य कथा सुरू करून बाजूला टाकली होती. मासेमारीचे सामान शोधताना ती जुन्या मेजाच्या कप्प्यात सापडली. उरलेले दोन खंड त्याने उन्हाळ्यातल्या तीन आठवड्यांच्या संध्याकाळी लिहून काढले. त्या दिवसांतली एक आठवण त्याचा जावई आणि चरित्रकार लॉकहार्ट याने नोंदवली आहे. समोरच्या घरात तरुण वकिलांची मेजवानी चालली होती. त्यांतल्या एकाला खिडकीतून पलीकडच्या घरातला एक हात दिसत होता. पान भरले की बाजूला पडे आणि हात पुन्हा चालू. दिवे लागले तरी तो थांबेना. तो पाहून त्या तरुणाला अस्वस्थ वाटू लागले. तो हात स्कॉटचा होता.

ती कादंबरी ‘वेव्हर्ली’. ती ७ जुलै १८१४ रोजी लेखकाचे नाव न देता प्रसिद्ध झाली आणि १००० प्रती काही आठवड्यांत संपल्या. मग वर्षाला एक, कधी दोन, कधी तीन अशा कादंबऱ्या येत राहिल्या. ‘रॉब रॉय’, ‘हार्ट ऑफ मिडलोदियन’, ‘ब्राइड ऑफ लॅमरमूर’, ‘केनिलवर्थ’, ‘क्वेन्टिन डरवर्ड’ यांवर नाव असे फक्त ‘वेव्हर्ली’च्या लेखकाचे. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये म्हणून बॅलंटाइनच्या छापखान्यात आधी नक्कल होई आणि मग ती खिळे जुळवणाऱ्यांकडे जाई. मुद्रिते बॅलंटाइन स्वतः वाचे आणि समासात शंका लिही. इथे शब्द दोनदा आला, इथे अर्थ लागत नाही, इथे वाचक कंटाळेल. शेजारच्या बाकावर बसून ज्याने गोष्ट ऐकली तोच चाळीस वर्षांनीही पहिला वाचक राहिला. स्कॉट कधी वैतागे, कधी दुरुस्ती करी, पण कोऱ्या समासाचे मुद्रित त्याला नकोच असे.

त्याची लेखनपद्धती थोडक्यात सांगतो. पहाटे पाचला उठायचे, चूल स्वतः पेटवायची, आणि न्याहारीला घर जागे होईपर्यंत दिवसाचे बहुतेक लेखन उरकायचे. दिवसा न्यायालय आणि संध्याकाळी पाहुणे. मग इतके पुस्तक लिहितो कोण, हे लोकांना कोडेच होते.

त्याच्या कादंबरीचा साचाही पाहण्यासारखा आहे. नायक राजा किंवा सेनापती नसतो. तो बहुधा साधा, थोडा गोंधळलेला तरुण असतो आणि दोन पक्षांच्या मधोमध सापडतो. एडवर्ड वेव्हर्ली १७४५ च्या बंडात असाच सापडतो. तो इंग्रज फौजेत अधिकारी, पण मन ओढले जाते बंडखोर डोंगरी टोळ्यांकडे. इतिहासातली मोठी माणसे कडेला उभी असतात, अधूनमधून येतात आणि जातात. दोन काळांची टक्कर होते तेव्हा सामान्य माणसाच्या घरात काय होते, हे स्कॉटला दाखवायचे असते. जुने जग हरते, पण हरणाऱ्याची शान तो हिरावून घेत नाही.

दुसरे वैशिष्ट्य बोलीचे. त्याचे सरदार छापील इंग्रजी बोलतात, पण धनगर, भिकारी, मोलकरणी, शेतकरी अस्सल स्कॉटिश बोलीत बोलतात आणि सगळा जिवंतपणा तिथेच असतो. ‘हार्ट ऑफ मिडलोदियन’मधली जीनी डीन्स ही गवळ्याची मुलगी. धाकट्या बहिणीवर बालहत्येचा आरोप आहे. जीनीने न्यायालयात एक खोटे वाक्य सांगितले तर ती सुटणार. जीनी खोटे बोलत नाही. बहिणीला फाशीची शिक्षा होते. मग हीच जीनी एडिंबराहून लंडनकडे निघते, बरीचशी वाट पायी तुडवते, राणीपुढे उभी राहते आणि माफी मिळवते. स्कॉटच्या राजकन्या मला आठवत नाहीत. जीनी आठवते.

दोषही सांगायला हवेत. त्याच्या कादंबऱ्यांच्या सुरुवाती लांबट असतात. पहिली पन्नास पाने जाईपर्यंत घोडा तबेल्यातच. बहुतेक नायिका गोऱ्या, सुशील आणि निर्जीव. ‘आयव्हॅन्हो’ची रोवेना अशीच. तिच्यापुढे ज्यू व्यापाऱ्याची मुलगी रिबेका इतकी तेजस्वी उतरली आहे की नायकाने रोवेनाशी लग्न केले याबद्दल वाचक तेव्हाच नाराज झाले. बाराव्या शतकाच्या अखेरीस सॅक्सन आणि नॉर्मन यांच्यात जे वैर त्याने रंगवले, तेही इतिहासकारांना अतिरंजित वाटते. पण युरोपात ऐतिहासिक कादंबरी ज्या वाटेने चालली ती वाट त्यानेच पाडली. बाल्झाक, ह्यूगो, मान्झोनी, पुश्किन हे सगळे त्याचे वाचक.

ती वाट आपल्या दारापर्यंतही आली. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ ची. नंतर हरिभाऊ आपट्यांनी मराठी ऐतिहासिक कादंबरी घरोघरी नेली. हरिभाऊंनी स्कॉट वाचला होता. ‘उषःकाल’ आठवून पाहा. सुलतानगडचा किल्लेदार विजापूरशी इमानी आणि त्याचा मुलगा नानासाहेब स्वराज्याच्या ओढीने तगमगणारा. शिवाजी महाराज कथेवर छाया धरून आहेत, पण गोष्ट चालते ती या बापलेकांच्या घरातून. दोन पक्षांमधला तरुण, शेजारी गड, भुयार, वेषांतर. ही मांडणी स्कॉटची, पण माती, माणसे आणि तळमळ पूर्णपणे इथली. शाळेत आपण हे दोन लेखक वेगवेगळ्या विषयांच्या तासाला वाचले, म्हणून त्यांचे नाते कोणी जोडून दाखवले नाही एवढेच.

आता कर्जाकडे वळतो. स्कॉटला जमिनीचा नाद होता. १८११ मध्ये ट्वीडच्या काठी त्याने एक दरिद्री शेत विकत घेतले आणि त्याला ॲबट्सफर्ड असे भारदस्त नाव दिले. मग शेजारचे रान, त्यापलीकडचे रान, लाखो झाडे, बुरूज, शस्त्रागार, ग्रंथालय. १८२० मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा साऱ्या समारंभाची आखणी स्कॉटकडे होती. एवढे वैभव पोसायला पैसा कुठून येई? न लिहिलेल्या कादंबऱ्यांमधून. ज्यांचे नावही ठरलेले नाही अशा पुस्तकांपोटी प्रकाशक कॉन्स्टेबल हुंड्या देई. आपल्या शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पेरणीआधीच उचल.

शिवाय छापखाना आणि प्रकाशक एकमेकांवर हुंड्या लिहीत, एकमेकांच्या हुंड्या स्वीकारत आणि पेढ्यांवर वटवून रोकड उचलत. मुदत भरली की नवी हुंडी. १८१३ मध्येच एकदा हा डोलारा डगमगला होता आणि बक्ल्यूच्या ड्यूकने ४००० पौंडांची हमी दिली म्हणून निभावले. पण स्कॉटने त्यातून हात आखडता घेतला नाही. १८२५ च्या अखेरीस लंडनच्या बाजारात टंचाई आली. आधी लंडनचा प्रकाशक बुडाला, मग कॉन्स्टेबल आणि जानेवारी १८२६ मध्ये बॅलंटाइन. तेव्हा जगाला कळले की बॅलंटाइनच्या छापखान्याचा गुप्त भागीदार सर वॉल्टर स्कॉट आहे. अंगावर आलेले देणे १,२०,००० पौंडांच्या आसपास. शेरीफपदाच्या ३०० पौंडांच्या हिशेबाने चारशे वर्षांचा पगार. त्याचे वय तेव्हा चोपन्न.

कायद्याने नादारी जाहीर करून सुटण्याची वाट मोकळी होती. मित्र मदतीला पुढे आले. मुलींना हार्प शिकवणाऱ्या गरीब शिक्षकाने आपली सगळी शिल्लक देऊ केली. स्कॉटने कोणाचे काही घेतले नाही. मला मुदत द्या, मी लिहून फेडतो, एवढेच त्याने सावकारांना कळवले. विश्वस्त नेमले गेले. शहरातले घर विकले आणि तो भाड्याच्या खोलीत राहू लागला. ॲबट्सफर्ड मात्र वर्षभरापूर्वीच मुलाच्या लग्नात त्याच्या नावे केलेले होते. त्यामुळे ते सहजी विकता येईना आणि त्याला तिथे राहू दिले गेले. याबद्दल कुजबूज झाली. बँकवाला म्हणून मीही ती नोंद लाल शाईने केली असती.

सावकारांमध्ये प्रमुख होता सर विल्यम फोर्ब्झ. तरुणपणी स्कॉटचे जिच्यावर मन होते तिने याच फोर्ब्झशी लग्न केले होते. आता तोच स्कॉटच्या पाठीशी उभा राहिला. एक सावकार हटून बसला आणि अटकेची भाषा बोलू लागला, तेव्हा फोर्ब्झने स्वतःच्या खिशातून त्याचे तोंड बंद केले आणि स्कॉटला पत्ता लागू दिला नाही. फोर्ब्झ वारल्यावर ते उघड झाले.

त्याच वर्षी मे महिन्यात पत्नी शार्लट गेली. स्कॉट लिहीत राहिला. नेपोलियनचे नऊ खंडांचे चरित्र १८२७ मध्ये निघाले आणि त्याचे सुमारे १८,००० पौंड आले. पहिल्या दोन वर्षांतच जवळजवळ ४०,००० पौंड फिटले. फेब्रुवारी १८२७ मध्ये एका जाहीर भोजनात त्याने ‘वेव्हर्ली’चा लेखक आपणच, असे प्रथम मान्य केले. आजारी नातवासाठी त्याने स्कॉटलंडचा इतिहास गोष्टीरूपाने लिहिला. हिंदुस्थान कधी न पाहता हैदर अलीच्या म्हैसूरची एक कथाही लिहिली. १८२९ पासून सगळ्या कादंबऱ्यांची टीपांसह स्वस्त आवृत्ती दरमहा पाच शिलिंगांच्या खंडांनी निघू लागली आणि कर्ज खऱ्या अर्थाने उतरू लागले.

पण शरीर थकले होते. १८३० मध्ये पक्षाघाताचा झटका आला. डॉक्टरांनी लेखन थांबवायला सांगितले, तो थांबला नाही. त्या वर्षाच्या डिसेंबरात सावकारांनीच एकमताने त्याचे ग्रंथालय आणि घरातले सामान त्याला परत भेट दिले. वसुलीच्या इतक्या वर्षांत असा ठराव माझ्या पाहण्यात आलेला नाही. पुढच्या वर्षी सरकारने हवापालटासाठी त्याला आरमारी जहाजातून इटलीला पाठवले. तिथून तो घरच्या ओढीने परतला आणि २१ सप्टेंबर १८३२ रोजी ॲबट्सफर्डला, ट्वीडच्या काठी वारला. तेव्हा सुमारे ५४,००० पौंड बाकी होते. २२,००० विम्यातून आले. पुस्तकांच्या हक्कांवर प्रकाशक कॅडेलने ३०,००० आगाऊ दिले आणि सावकारांचा हिशेब मिटला. ते ३०,००० पुढे पुस्तकांनीच फेडले.

मग दोष कोणाचा? लॉकहार्टने सासऱ्याच्या चरित्रात सारे खापर बॅलंटाइन बंधूंवर फोडले. १८३८ मध्ये बॅलंटाइनच्या विश्वस्तांनी हिशेबाचे आकडे छापून उत्तर दिले की धंद्यातला पैसा ॲबट्सफर्डच्या भिंतींत गेला होता. दोन्ही बाजू वाचून माझे मत दुसरीकडे झुकते. बॅलंटाइन ढिला होता, पण उचल स्कॉटची होती. आणि हे स्कॉटला ठाऊक होते. जेम्सचा फायदाही माझ्यामुळे आणि त्याची संकटेही माझ्यामुळे, अशा अर्थाची नोंद त्याने आपल्या रोजनिशीत स्वतःच केली आहे. लॉकहार्टने खापर फोडले, स्कॉटने फोडले नाही.

दिवाळ्यानंतरही बॅलंटाइन मुद्रिते तपासत राहिला आणि समासात शंका लिहीत राहिला. मित्र थकला आहे, नवी कादंबरी जमलेली नाही, हेही त्याने लिहिले. १८३१ च्या उन्हाळ्यात तो ॲबट्सफर्डला आला. त्या दिवसांत मतदानाच्या सुधारणेवरून देश पेटला होता. दोघे विरुद्ध बाजूंचे. वाद झाला आणि बॅलंटाइन सकाळी निरोप न घेताच निघून गेला. एवढ्या मोठ्या देण्याने जे तुटले नाही ते राजकारणावरच्या बोलण्याने दुखावले. दोघांची पुन्हा गाठ पडली नाही. स्कॉट सप्टेंबरात गेला. बॅलंटाइन तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, तो पुढच्या जानेवारीत गेला.

आज एडिंबरामध्ये स्कॉटचे सुमारे २०० फूट उंचीचे स्मारक आहे आणि शहराच्या मुख्य रेल्वे स्थानकाचे नावच वेव्हर्ली आहे. बॅलंटाइनचे नाव पुस्तकांच्या मुद्रकाच्या ओळीत बारीक टाइपात सापडते. मेळाव्याच्या दिवशी हजेरीपट वाचला जाईल तेव्हा काही नावांना उत्तर येणार नाही. त्यांतले काही आपल्यातून गेले. काही मात्र कुठल्याशा वादामुळे किंवा व्यवहारामुळे, किंवा हल्ली गटावरच्या एखाद्या संदेशामुळे, येत नाहीत. त्यांचे फोन क्रमांक स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर आहेत.